दोनशे नग, लाल ठिपका आणि माझा भोंगा

माझ्या आयुष्यातली पहिली रेकॉर्ड माझ्या वडिलांनी रिजेक्ट केली.

रिजेक्ट केली म्हणजे त्यांना आवडली नाही, असं समजू नका. आवडनिवड असल्या किरकोळ भानगडीत बाबा पडतच नाहीत. रिजेक्ट म्हणजे रीतसर रिजेक्ट! दोनशे नग, प्रत्येकावर लाल रंगाचा ठिपका, रजिस्टरात नोंद, नोंदीखाली तीन सह्या, आणि सगळा माल कुलपात. हे कसं झालं ते सांगतो. फक्त हसताना एवढं ध्यानात असू द्या, की यात चूक माझीच होती.

आधी बाबांबद्दल. आमचे आजोबा नागपूरहून जबलपूरला आले तेव्हा दोन्ही गावं एकाच राज्यात होती. मग राज्य सरकलं, आजोबा होते तिथंच राहिले. बाबा इथंच जन्मले, इथंच खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लागले, आणि चौतीस वर्षं तपासणी विभागात होते. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची, यासाठी त्यांना दर महिन्याला पगार मिळायचा. (बाकीचे बाप हे फुकटात करतात.) रिटायर झाले, तिथंच जवळ रांझीला घर बांधलं, पण तपासणी काही सुटली नाही. आमच्या गल्लीत शिरण्याआधी भाजीवाला आपला काटा पुसून घेतो. आईचे पापड सारख्या जाडीचे झाले का, हे बाबा उजेडासमोर धरून पाहतात. आई म्हणते, "मले पाह्यले आले होते ना, तेव्हा यांनी माझ्याकडं कमी अन् आमच्या दाराच्या कडीकडं जास्त पाह्यलं. वरून म्हणते कसे, कडी ढिली आहे!"

आता मी. नाव सिद्धार्थ, घरात सिद्धू. वीज खात्याच्या ऑफिसात कारकून. दिवसा फायली, उरलेल्या वेळात संगीत. संगीत म्हटल्यावर डोळ्यांपुढं तबला-पेटी आणू नका. माझं संगीत कॉम्प्युटरवर होतं. मी आवाज गोळा करतो. छताच्या पंख्याचा, नर्मदेच्या ग्वारीघाटावर नावेला लागणाऱ्या पाण्याचा, आईच्या शिलाई मशीनचा. मग ते ताणतो, एकावर एक पसरतो, आणि मिनिटभराच्या आवाजाचा वीस मिनिटांचा ढग करतो. त्यात ठेका नाही, शब्द नाहीत, चाल असते पण ती शोधावी लागते. दुपारी जरा डोळा लागलेला असतो, कुठल्या तरी घरी भांडी घासल्याचा आवाज येतो, येतो आणि विरतो, आपण जागे आहोत की झोपलो आहोत तेच कळत नाही ना? तसं काहीसं.

बाबांना हे समजावून सांगण्याची माझी कधी हिंमत झाली नाही. मी हेडफोन काढून स्पीकरवर काही लावलं, की ते दारातून डोकावायचे.

"काही जळून राहिलं का बे?"

"नाही बाबा. संगीत आहे."

"हां. मले वाटलं मोटर अडकली."

आणि जायचे. माझ्या संगीताला त्यांनी एकच नाव ठेवलं होतं, 'तुझं ते घूं घूं'. माझी मात्र एकच इच्छा होती: बाबांनी त्याला एकदा तरी 'काम' म्हणावं. आमच्या घरात काम हा फार वजनाचा शब्द. भोंगा झाल्यावर सायकलीवर टांग टाकून जातात ते काम. माझ्या नोकरीबद्दलसुद्धा बाबा लोकांना "ऑफिसात जाते" एवढंच सांगतात, "कामाला जाते" असं त्यांच्या तोंडून आजवर निघालेलं नाही.

म्हणून तर मी रेकॉर्ड काढायचं ठरवलं. गाणं इंटरनेटवर टाकलं की जगाला मिळतं, पण बाबांच्या तळहातावर ठेवता येत नाही. आणि जी गोष्ट काट्यावर ठेवता येत नाही ती बाबांच्या लेखी नाहीच. तेव्हा काळीशार, वजनदार, जुन्या काळी असायची तशी तबकडी! तीन वर्षं खपलो. मुंबईकडच्या एका कारखान्यातून दोनशे रेकॉर्डी छापून घेतल्या. कव्हर आमच्या जबलपूरच्याच गोरखपूर भागातल्या एका छापखान्यात केलं, फिकट निळं, नर्मदेवरच्या धुक्यासारखं. कंपनी-बिंपनी कोणी नाही. कलाकार मी, मालक मी, विक्रेता मी, आणि डबे उचलायला चपराशी तोही मीच.

पहिल्या बाजूवर होता भोंगा. फॅक्टरीचा संध्याकाळचा भोंगा, आमच्या गच्चीवरून टिपलेला. (आमच्याच गच्चीवरून, कोणी भलता गैरसमज करून घेऊ नका.) तो ताणून ताणून अठरा मिनिटांचा केला होता. आणि शेवटी माझी सगळ्यात मोठी करामत! रेकॉर्डची खाच बाहेरून आत गोल गोल येत जाते आणि शेवटी संपते. मी कारखान्याला सांगून शेवटची खाच स्वतःलाच जोडून घेतली, आणि तिच्यात भोंग्याचा शेवटचा तुकडा ठेवला. सुई तिथं पोचली की तिथंच फिरत राहते. पावणेदोन सेकंदांत एक फेरा, मग पुन्हा तोच, पुन्हा तोच. कोणी उचलेपर्यंत माझा भोंगा थांबतच नाही! ही कल्पना सुचली त्या दिवशी मी ऑफिसात तीन फायली उलट्या लावल्या होत्या.

बुधवारी सकाळी टेम्पोतून रेकॉर्डींचे डबे आले. रविवारी संध्याकाळी गोरखपुरात एका मित्राच्या कॅफेत वरच्या मजल्यावर रेकॉर्ड ऐकवायचा कार्यक्रम ठरला होता. चाळीस लोकांनी येतो म्हणून कळवलं होतं. चाळीस! माझ्या लग्नाची बोलणी करायलासुद्धा कधी चारपेक्षा जास्त लोक आले नाहीत. मी हवेत होतो. हेल्मेट घातलं, स्कूटरला किक मारली, आणि मागे वळून ते सत्यानाशी वाक्य बोललो.

"बाबा, जरा तपासून ठेवा!"

मला म्हणायचं होतं, डबे नीट मोजून घ्या. पण खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेले बाबा हळूहळू उभे राहिले. पाठ सरळ झाली. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच कोणी त्यांना हे करायला सांगत होतं.

"तपासून?"

"हो."

"पूर्ण?"

"हो हो, पूर्ण!" म्हणत मी वळणावरून पसार.

संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "याचं ड्रॉइंग आहे का?"

"कव्हरचं?"

"मालाचं. माप, वजन, भोकाचा व्यास."

माझा घास हातातच राहिला. बाबा माझ्या रेकॉर्डबद्दल विचारत होते! "वजन एकशे चाळीस ग्रॅम सांगितलं होतं," मी म्हणालो.

"दोन-तीन ग्रॅम मागंपुढं आहे. चालते." आणि त्यांनी भाकरी मोडली.

चालते! त्या एका शब्दावर मी पुढचे दोन दिवस तरंगत होतो. घरात काय चाललंय याच्याकडे माझं लक्षच नव्हतं. (तसाही मी घरात असून नसतो, असं आई म्हणते.) पुढच्या खोलीत वजनकाटा का आहे, माझा रेकॉर्ड प्लेअर तिथं कोणी नेला, बाबांचे जुने सहकारी मेश्राम काका आणि तिवारीजी सकाळी दहालाच जेवणाचा डबा घेऊन का येऊन राहिले, यातलं काही काही मला खटकलं नाही. मला वाटलं, पत्ते खेळत असतील.

शुक्रवारी अर्धी सुटी टाकून तीन वाजता घरी आलो. गल्लीत शिरलो तोच कानावर माझा भोंगा आला.

मी स्कूटर बंद केली आणि ढकलत नेली. दारात पोचलो तर आत काय दृश्य! पडदे ओढलेले. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आलेली, तिच्यात धुळीचे कण सावकाश फिरताहेत. खाली काळी तबकडी फिरतेय. तीन खुर्च्यांवर तीन म्हातारे, तिघांच्या हातांत पांढरे हातमोजे. मेश्राम काकांचे डोळे मिटलेले. तिवारीजींची हनुवटी छातीवर. बाबांची नजर मनगटावरच्या घड्याळावर, पण खरं तर कुठेच नाही. आणि खोलीभर माझा भोंगा, येतोय, जातोय, परत येतोय. कोणी बोलत नाही. बाहेर कडुनिंबावर एक होला घुमत होता, तोही जणू माझ्याच रेकॉर्डीत होता.

माझं संगीत असं कोणी कधीच ऐकलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. मी चपला काढल्या आणि आवाज न करता उंबऱ्यावर बसलो. पाच मिनिटं तसाच बसलो होतो. हे तीन फॅक्टरीतले म्हातारे, आणि माझ्या आवाजात असे बुडालेले! मला वाटलं, आता मेलो तरी चालेल.

बाबांनी सुई उचलली.

"विसावा नग. तोच दोष."

तिवारीजी खडबडून जागे झाले. "रिजेक्ट!"

मेश्राम काकांनी डोळे उघडून रजिस्टरात लिहिलं.

"दोष?" मी उंबऱ्यावरूनच ओरडलो. "कोणता दोष?"

"आला का तू? बरं झालं," बाबा म्हणाले. चेहरा असा, की डॉक्टर वाईट बातमी सांगायला बाहेर आलाय. "सिद्धू, माल अटकते."

"अटकते?"

"शेवटी सुई अटकते. पुढं सरकतच नाही. दोनशेतले वीस काढले, दर दहातला एक, नियमानं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवले. वीसच्या वीस, अन् एकाच जागी! एखाददुसरी अटकली असती तं मी समजून घेतलं असतं. पण हा तं साच्यातलाच दोष आहे. लॉट रिजेक्ट."

"फसवलं भाऊ तुले," मेश्राम काका हळहळले. "मुंबईवाल्यानं पार फसवलं."

"काका, मीच सांगितलं होतं तसं करायला!"

मेश्राम काकांचं पेन रजिस्टरावरच अटकलं. 

"क्या बोला था?" तिवारीजींनी विचारलं.

"अटकायला."

तिवारीजींनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी मेश्राम काकांकडे, आणि काकांनी छताकडे. "मतलब," तिवारीजी अगदी हळू आवाजात म्हणाले, माणसाची तब्येत विचारतात तसे, "अच्छी-खासी चीज में खुद होकर नुक्स डलवाया? भैया, तबियत तो ठीक है?"

"अन् मी त्या कारखान्यात सकाळी फोन लावला होता," बाबा कपाळाला हात लावून म्हणाले. "तो मॅनेजर बी हेच बोलला. 'अंकल जी, आपके बेटे ने ही बोला था.' मी म्हटलं, चोर असाच बोलते! चांगलं फैलावर घेतलं त्याले!"

एवढ्यात आई आतून आली. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात दिवाळीला फाटक रंगवून उरलेल्या लाल ऑइलपेंटचा डबा.

"झाले बाप्पा एकदाचे दोनशे! ठिपके देता देता बोट आखडलं माझं."

मी आत धावलो. माझी धुक्यासारखी फिकट निळी दोनशे कव्हरं मागच्या खोलीत ओळीनं मांडलेली, आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात रुपयाएवढा लालभडक ठिपका! ओला!

"आई!! हे काय केलं?"

"यांनी सकाळीच सांगितलं. रिजेक्ट माल चांगल्या मालात मिसळू नये म्हणून खूण लागते म्हणे. गोल काढले हां मी सगळे. रुपया ठेवून काढले."

तेवढ्यात बाबांनी मागून येऊन मला बाहेर काढलं, खोलीचं दार ओढलं, कुलूप लावलं, आणि किल्ली करदोड्याला बांधली. त्या करदोड्यापर्यंत पोचणं या घरात कोणालाच शक्य नाही.

"बाबा, किल्ली द्या. परवा कार्यक्रम आहे. चाळीस लोक येणार आहेत."

"रिजेक्ट माल गेटाबाहेर जात नाही."

"इथं गेट कुठं आहे? हे घर आहे! माल माझा आहे!"

"माल तुझा, दोष बी तुझा," बाबा शांतपणे म्हणाले. "पण रजिस्टरात सही माझी आहे."

मग माझा तोल सुटला. "तीन वर्षं राबलो बाबा! तीन वर्षं! तुम्ही एकदा तरी याला काम म्हटलं का? तुमच्यासाठी तं ते घूं घूं! आणि आता वजन करून, भोक मोजून, वरून लाल टिकली लावून कुलपात टाकलं!"

हे बोलताना आवाज फाटला, आणि पस्तिशीतला मी चौथीतल्या पोरासारखा हुंदका देऊन बसलो, तेही तिवारीजींच्या देखत.  बाबांना भांडता येत नाही. ते फक्त आईला म्हणाले, "याले चहा दे."

वाट काढली ती मेश्राम काकांनी. "अरे, पोराले डेव्हिएशन मागू दे ना," ते बाबांना म्हणाले. मग मला समजावलं. फॅक्टरीत एखादा माल ड्रॉइंगप्रमाणे नसला, पण बनवणाऱ्याला वाटलं की हा तरीही चालेल, तर त्याला लेखी अर्ज करता येतो. नेहमीपेक्षा वेगळं का केलं याचं कारण द्यायचं. कारण पटलं तर माल सुटतो. त्याला म्हणतात डेव्हिएशन.

"कोणाच्या नावानं लिहू?" मी नाक पुसत विचारलं.

"तपासणी विभागाच्या," बाबा म्हणाले.

"म्हणजे तुमच्या?"

"माझं नाव नको टाकू. पदाले लिही."

अशा रीतीनं मी, सिद्धार्थ, सख्ख्या बापाला 'माननीय महोदय' लिहून अर्ज केला. शनिवारी अकरा वाजता पुढच्या खोलीत समिती बसली. तिघांनी पुन्हा हातमोजे घातले होते. (कशासाठी, देव जाणे.) मी उभा. मला बसायला कोणी सांगितलं नाही.

पहिल्या अर्जात मी लिहिलं होतं, 'ध्वनीच्या अनंततेचा अनुभव देण्यासाठी.'

"अनंतता किती मिलिमीटर?" बाबांनी विचारलं.

अर्ज परत. दुसऱ्या अर्जात 'काळाचं वर्तुळ' आणि 'श्रोत्याचं विसर्जन' असं काही लिहिलं. तिवारीजींनी त्याचं हिंदी करून मागितलं, आणि 'विसर्जन' ऐकून घाबरले. "नहीं भैया, आदमी डूबना नहीं चाहिए." तोही परत.

"गोल गोल नको फिरू," बाबा म्हणाले. "तुझ्या रेकॉर्डीवानी नको करू. काहून केलं, तेवढं सांग."

मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिसरा कागद घेऊन बसलो. आई भात टाकत होती. खूप वेळ काही सुचेना. मग एकदम हातच चालायला लागला, आणि लिहिलं ते न वाचता मी तसाच बाहेर जाऊन समितीला वाचून दाखवलं.

"मी लहान होतो तेव्हा आपण खमरियाच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. संध्याकाळचा भोंगा सुरू झाला की मी पायरीवर येऊन बसायचो. मग वळणावरून सायकली यायच्या. शेकडो सायकली, सगळ्या सारख्याच, आणि त्यातली एक बाबांची. भोंगा वाजत असायचा तोवर माझ्या छातीत काहीतरी गोड हलायचं. बाबा अजून आलेले नाहीत, पण येणार आहेत. आल्यावर ते माझी वही तपासायचे. म्हणून येईपर्यंतचे बाबा मला फार फार आवडायचे. ती वेळ संपू नये असं वाटायचं. सबब भोंगा शेवटी थांबत नाही. हा दोष नसून मुद्दाम केलेलं आहे. तरी मंजुरी मिळावी ही नम्र विनंती."

तिवारीजींनी हातमोजा काढून नाक शिंकरलं. त्यांना मराठी अर्धंच समजतं, पण बहुतेक नेमकं तेच अर्धं समजलं होतं. मेश्राम काका खिडकीकडे बघत राहिले. बाबांनी अर्ज माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला, सगळा पुन्हा वाचला. नंतर बराच वेळ कागदाच्या कडा जुळवत बसले.

"एक चूक आहे," ते म्हणाले.

"कोणती?"

"भोंगा थांबला की गेट उघडते, सिद्धू. वाजत असते तोवर आम्ही सगळे आतच उभे. हातात डबा, सायकल काढलेली, एक पाय पायडलवर." त्यांनी चष्मा काढला. "तुझा भोंगा थांबतच नाही. तं मग मी घरी येऊ कसा?"

मी तीन वर्षं त्या एका खाचेवर विचार केला होता. अनंततेवर चार पुस्तकं वाचली होती. आणि माझा बाप इतकी वर्षं गेटाच्या आत सायकल धरून उभा आहे, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं!

बाबांनी पेन काढलं. अर्जाच्या खाली, दुरुस्तीची एकही खाडाखोड न करता, त्यांच्या त्या शिसपेन्सिलीनं आखल्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'मंजूर. अट: सुई हातानं उचलावी. उचलणारा माणूस मशीनजवळ हजर पाहिजे.' सही केली, करदोड्याची किल्ली सोडली आणि माझ्या हातावर ठेवली.

"उचलायले कोण राह्यते?" मेश्राम काकांनी विचारलं.

"मी जातो," बाबा म्हणाले.

रविवारी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून माझ्या स्कूटरवर मागे बसून गोरखपूरला आले. वरच्या मजल्यावर सतरंज्या टाकलेल्या. खरोखर चाळीस पोरंपोरी आली होती. त्यातली बरीच आडवी पडली, डोळे मिटून. बाबा माझ्या कानाशी कुजबुजले, "यांना बरं नाही का?"

"असंच ऐकतात बाबा."

"अच्छा." आणि ते मशीनजवळ स्टुलावर ताठ बसले.

मी सुई ठेवली. खिडकीत संध्याकाळ पिकत होती. खालून बाजाराचा गलका येत होता, तो हळूहळू भोंग्यात मिसळून गेला. अठरा मिनिटं कोणी हललं नाही. मग शेवटची खाच आली आणि भोंगा फिरायला लागला, तोच, परत तोच. मी ठरवलं होतं, दहा मिनिटं तरी फिरू द्यायचा, मग दुसरी बाजू लावायची, मग मी दोन शब्द बोलायचे. (चार पानं लिहून आणली होती.) मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. घड्याळाकडे नाही, माझ्याकडे. भोंगा फिरत होता, आणि मला खरंच त्या वळणावर सायकली दिसायला लागल्या.

बाबांनी दोन बोटांनी सुई उचलली. इतकं शांत झालं, की खालच्या चहावाल्याच्या स्टोव्हचा पंप ऐकू आला.

"चलो," बाबा मोठ्यानं म्हणाले, "छुट्टी हो गई!"

आणि काय सांगू, चाळीसच्या चाळीस लोक उठून बसले, एकमेकांकडे पाहून हसले, टाळ्या वाजवल्या, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागले! "अरे थांबा! दुसरी बाजू आहे! भाषण आहे!" पण छुट्टी झाल्यावर जबलपुरात कोणी थांबलंय का? सगळ्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. "क्या एंडिंग थी!" एक जण डोळे पुसत म्हणाला. दुसऱ्यानं रेकॉर्ड विकत घेतली आणि कव्हर छातीशी धरून मला म्हणाला, नर्मदेवरच्या धुक्यात तो एकच लाल सूर्य ठेवायची कल्पना भन्नाट आहे. मी नम्रपणे मान झुकवली. (आईला अजून सांगितलेलं नाही. मानधन मागेल.)

जिन्यापाशी एका मुलीनं बाबांना अडवलं. "अंकल, आप भी म्यूजिक करते हैं?"

मी दोन पायऱ्या खाली, डबा उचलून उभा होतो. कान टवकारले.

"नहीं बेटा," बाबा म्हणाले. "काम मेरा लड़का करता है. मैं तो बस पास करता हूँ."

काम! मी हातातला डबा तिथंच पायरीवर ठेवला. पस्तीस वर्षांनी, गोरखपूरच्या भर बाजारात, एका अनोळखी मुलीसमोर बाबांच्या तोंडून तो शब्द निघाला! मी वर वळून पाहिलं. डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं. बाबांनाही मी दिसलो. त्यांनी चष्मा पुसला, खिशातली दोन पेनं सारखी केली, आणि त्या मुलीचा काही गैरसमज राहू नये म्हणून लगेच पुढचं सांगून टाकलं.

"अभी तक एक ही लॉट पास हुआ है. वो भी अर्ज़ी देकर."